शेजाऱ्याचं ऊन

२१ डिसेंबरला भर दुपारी आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या आकाशात सूर्य क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर येतो. त्यामुळे दोन मीटर उंचीच्या कुंपणाची सावली उत्तरेकडे साडेआठ मीटर लांब पडते. झाडं सहा मीटर वाढली असतील तर ती २५ मीटरच्या पुढे जाते, आणि तेवढ्यात शेजाऱ्याचं परसच काय, त्याचं स्वयंपाकघरही अंधारात गेलेलं असतं. त्याच दिवशी पुण्यात भर दुपारचा सूर्य ४८ अंशांवर असतो. तिथं दोन मीटरच्या कुंपणाची सावली पावणेदोन मीटरांच्या आसपास आटोपते.

हा हिशेब शाळेतल्या भूमितीचा आहे. तरी तो आधी मांडावा लागतो, कारण झाड आणि सावली यांच्याभोवती मराठी मनानं जी पुण्याई गुंडाळून ठेवली आहे, ती सगळी डोक्यावर तळपणाऱ्या उन्हात तयार झाली आहे. वाटेवर झाडं लावणारा राजा चांगला, वडाला पार बांधणारा पाटील चांगला. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात भक्ताची समबुद्धी सांगायची वेळ आली तेव्हा दाखला झाडाचाच निघाला: लावणाऱ्याला आणि तोडणाऱ्याला सारखीच सावली देणारं झाड. आपल्याकडे सावली हे दान आहे. ५३ अंश उत्तर अक्षांशावर, साडेसात तासांच्या दिवसात, तीच सावली शेजाऱ्याकडून काही काढून घेते. झाड तेच, माणूस तोच, पुण्य मात्र उलटं फिरलेलं. आयर्लंडला जाऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी घराभोवती सदाहरित झाडांची भिंत उभारण्याआधी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

कुंपणाची गरज खोटी आहे असं मी म्हणत नाही. ॲथलोन हे शॅनन नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं गाव. पूर्वेचा भाग वेस्टमीथ परगण्यात, पश्चिमेचा रॉसकॉमनच्या हद्दीला लागून, आणि उत्तरेला लॉक री हे मोठं सरोवर. आसपास सपाट प्रदेश, ओली कुरणं, दलदल. पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला डोंगर म्हणावा असं काही नाही. एरिक्सनसारखी कंपनी, औषधनिर्मितीचे कारखाने आणि २०२१ मध्ये शॅननच्या नावानं स्थापन झालेलं तंत्रविद्यापीठ यांच्यामुळे इथं जगभरची माणसं येतात, त्यांत भारतीयही येतात. समजा, मोंक्सलँडच्या एखाद्या नव्या वसाहतीत एका मराठी जोडप्यानं घर घेतलं. मागं दहा-बारा मीटरांचं परस, तिन्ही बाजूंनी लाकडी फळ्यांचं कुंपण, आणि त्यावरून चार घरांच्या वरच्या मजल्यावरच्या खिडक्या थेट यांच्या चहाच्या टेबलावर रोखलेल्या. व्हिडिओ कॉलवर साताऱ्याहून आई म्हणणारच, "अगं, कंपाउंडला काहीतरी लाव की! सगळं कसं उघडं पडलंय." लेक म्हणते, "लावतो गं आई, हे बघतायत रविवारी नर्सरीत."

रविवारी नर्सरीत काय होतं, तेही सांगतो. आयर्लंडच्या नियोजन नियमांनुसार परसातली भिंत किंवा फळ्यांचं कुंपण दोन मीटरपर्यंत परवानगीशिवाय घालता येतं, घरासमोर १.२ मीटरपर्यंत. त्याहून उंच हवं तर अर्ज करा. झाडांच्या रांगेला मात्र अशी मर्यादा नाही. म्हणून भिंतीला जे जमत नाही ते झाडाकडून करून घ्यायची युक्ती निघाली, आणि त्या युक्तीला हवं असणारं झाड सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच वेल्समध्ये जन्माला आलेलं होतं.

वेल्शपूलजवळच्या लेटन हॉल या जमीनदारी वाड्याच्या बागेत १८८८ मध्ये उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या दोन सायप्रस जातींचा संकर झाला. एक कॅलिफोर्नियातल्या माँटेरीचा, दुसरा अलास्काच्या बाजूचा नूटका. निसर्गात या दोघांची गाठ पडणं शक्य नव्हतं, ती माणसाच्या बागेत पडली. ख्रिस्टोफर लेलँड या मालकाच्या नावावरून संकराला लेलँडाय म्हणतात. बी धरत नाही, फाटे लावून वाढवावं लागतं. वर्षाला मीटरभर उंच होतं. त्याचा सोनेरी वाण आयर्लंड बेटावरचाच आहे. काउंटी डाऊनमधल्या कॅसलवेलनच्या बागेत तो १९६० च्या दशकात निघाला आणि मग ब्रिटनपासून आयर्लंडपर्यंत हजारो परसांत जाऊन उभा राहिला. दोन वर्षांत खिडक्या झाकल्या जातात, चौथ्या वर्षी शेजाऱ्याचं ऊनही झाकलं जातं. त्यात आणखी एक गोम आहे. लेलँडायच्या जुन्या, तपकिरी झालेल्या लाकडावर पुन्हा हिरवं फुटत नाही. एकदा हाताबाहेर गेलेलं कुंपण मागे छाटायला जावं तर आतली वाळकी काटकी उघडी पडते आणि तशीच राहते. त्यामुळे लोक छाटणीच सोडून देतात. खाली माती कोरडी, अंधारी, गवतही धरत नाही. कुंपणानं शेत खाल्लं असं आपण म्हणतो, ते इथं अक्षरशः घडतं.

या एका झाडापायी ब्रिटनमध्ये शेजाऱ्या-शेजाऱ्यांत एवढी भांडणं माजली की काही ठिकाणी माणसांचे जीव गेले. शेवटी कायदा करावा लागला. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या समाजविघातक वर्तनविरोधी कायद्यात उंच कुंपणांचं प्रकरण घातलं गेलं आणि ते इंग्लंडमध्ये २००५ पासून लागू झालं. उत्तर आयर्लंडनं २०११ मध्ये स्वतंत्र कायदा केला, स्कॉटलंडनं २०१३ मध्ये. सूत्र साधारण एकच: दोन किंवा अधिक सदाहरित झाडांची दोन मीटरपेक्षा उंच रांग शेजाऱ्याला घराचा उपभोग घेऊ देत नसेल, तर नगरपालिका ती उतरवायला लावू शकते. समाजविघातक वर्तन या मथळ्याखाली झाड यावं, हे वाचताना आधी हसू येतं. मग येत नाही.

ॲथलोन ज्या प्रजासत्ताकात आहे तिथं असा वेगळा कायदा नाही. हद्द ओलांडून आलेल्या फांद्या शेजाऱ्याला हद्दीपर्यंत कापता येतात, मात्र कापलेल्या फांद्यांवरही मालकी झाडवाल्याचीच. उजेडाचा वारसाहक्क न्यायालयं मानतात तो खिडक्यांपुरता, बागेपुरता नाही. उरतं ते समजुतीनं बोलणं किंवा मध्यस्थ, ज्याच्यासाठी २०१७ चा मध्यस्थी कायदा आहे. आपली माणसं कायदा पाळण्यात परदेशात फार काटेकोर असतात. कचऱ्याचे डबे योग्य दिवशी बाहेर जातात, कर वेळेवर भरले जातात. पण या काटेकोरपणाचा एक दोष असा की जे कायद्यात लिहिलेलं नाही ते सगळं मोकळं आहे, असं मन धरून बसतं. "आमची जागा, आमचं झाड, नियमात बसतं." बसतं. शेजाऱ्याच्या घरातलं हिवाळ्यातलं दोन तासांचं ऊन कोणत्याही नियमात बसवलेलं नाही, म्हणून ते बेवारस होतं का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आयर्लंडमध्ये फार लांब जावं लागत नाही, फक्त फार मागं जावं लागतं. आठव्या शतकातल्या आयरिश ब्रेहन कायद्यांत ‘ब्रेहा कोमाइखेसा’ नावाचा ग्रंथ आहे, शेजारधर्माचे निवाडे सांगणारा. त्यात दगडी गडगा, चर खणून घातलेला बांध, लाकडी कूड असे कुंपणाचे प्रकार सांगितले आहेत. कोणाची गुरं कोणाच्या रानात शिरली तर भरपाई काय, आणि शेजाऱ्यांनी त्यासाठी एकमेकांकडे आधीच तारण कसं ठेवायचं, हेही. झाडांची यादी याच ग्रंथात येते. अठ्ठावीस झाडं, चार दर्जे. सर्वांत वरच्या सात सरदार झाडांत ओक, हेझल, ॲश, रानसफरचंद यांच्याबरोबर तीन सदाहरित झाडं आहेत: हॉली, यू आणि स्कॉट्स पाइन. सरदार झाड तोडलं तर दंड दोन दुभत्या गाई. झाड, कुंपण आणि शेजार हे तिन्ही विषय त्या न्यायशास्त्र्यांनी एकाच पोथीत ठेवले, कारण शेतकऱ्याच्या आयुष्यात ते एकाच जागी भेटतात. हद्दीवर.

आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड आणण्याचा विषय निघतो तेव्हा रयतेनं लेकरासारखी वाढवलेली आंब्या-फणसाची झाडं बळानं तोडू नयेत, एखादं अगदी जीर्ण झालं असेल तरच धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावं, असं बजावलं आहे. राज्याला गलबतं हवी होती तरीही. दुसऱ्याला विचारा, हा दंडक दोन्हीकडे सापडतो. तिथं प्रश्न तोडण्याचा होता. लावण्याच्या बाबतीतही तोच दंडक का लावू नये, हे मला कोणी पटवून दिलेलं नाही.

आता कुंपण म्हटलं की मराठी माणसानं जरा सावध व्हायला हवं, कारण कुंपणाचं राजकारण आपल्याला नवं नाही. गावकूस आपणच घातली होती. तिच्या आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवताना बाहेरच्यांना कोणी विचारलं नव्हतं; निर्णय एका बाजूनं झाला आणि त्याची किंमत दुसऱ्या बाजूनं पिढ्यानुपिढ्या भरली. परसातल्या सायप्रसच्या रांगेची त्या अन्यायाशी बरोबरी होऊच शकत नाही, आणि तशी कोणी करू नये. पण सवय त्याच घराण्यातली आहे. हद्द म्हणजे आपला एकट्याचा विषय, पलीकडच्यानं निमूट जुळवून घ्यावं. दोन भावांच्या बांधावर दरवर्षी नांगराचा एकेक तास सरकवणारा शेतकरी आणि परदेशी गावात शेजाऱ्याला न सांगता चाळीस रोपं लावणारा अभियंता यांच्यात शिक्षणाचं अंतर असेल, वृत्तीचं नाही.

आयर्लंडलाही हा अनुभव आहे. आज ज्या हिरव्या कुंपणांच्या चौकटींनी हा देश विमानातून इतका देखणा दिसतो, त्यांतली बरीचशी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी रानं आखून घेताना लावली गेली. लावणारे हात कुळांचे होते. ॲथलोनहून बॅलीमाहनच्या रस्त्याला लागलं की लिसॉय लागतं, ऑलिव्हर गोल्डस्मिथचं बालपणाचं गाव. १७७० साली त्यानं ‘द डेझर्टेड व्हिलेज’ लिहिली. धनिकाच्या बागबगीच्यांसाठी खेडं उठतं, ही तिच्यातली तक्रार आहे. पण त्याच कुंपणांनी दुसरं कामही केलं. १६९५ नंतरच्या दमनकारी कायद्यांनी कॅथलिक शिक्षकांना शिकवण्याची बंदी केली तेव्हा गुपचूप भरणाऱ्या शाळांना ‘हेज स्कूल’ हे नावच पडलं. कुंपणाच्या आडोशाला मुलं बसवायची, एकाला पहाऱ्यावर ठेवायचं. पुढंपुढं त्या बहुतेक कोठारांत नाहीतर झोपड्यांत भरत, पण नाव कुंपणाचंच राहिलं. १८३१ मध्ये सरकारी राष्ट्रीय शाळा निघेपर्यंत गरिबांच्या मुलांनी अक्षरं गिरवली ती बऱ्याच अंशी अशी. एकच झुडूप कोणाला बाहेर ठेवतं आणि कोणाला आडोसा देतं, हे लावणाऱ्याच्या मनावर ठरतं.

आडोसा या शब्दावरून एक अवघड गोष्ट बोलायला हवी. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये डब्लिन आणि परिसरात भारतीयांवर हल्ले झाले. भारतीय दूतावासानं सावधगिरीची सूचना काढली, फिनिक्स पार्कमधला इंडिया डे पुढं ढकलावा लागला. लहान गावांतल्या घरांतही त्या दिवसांत दारांना आतून कड्या लागल्या असतील. अशा वेळी आपण कमी दिसावं, मुलं परसात खेळताना कोणाच्या नजरेत येऊ नयेत, असं वाटणं अगदी माणसासारखं आहे. त्या भीतीला शहाणपण शिकवायला मी निघालेलो नाही. फक्त एवढं विचारतो की संकटाच्या रात्री आधी कोण पोहोचेल? गार्डाची, म्हणजे आयरिश पोलिसांची गाडी, की भिंतीपलीकडचा माणूस? तो माणूस पोहोचायचा असेल तर त्याला आपल्या घरातला दिवा दिसायला हवा, आणि त्याआधी वर्षभर तरी कुंपणावरून दोन शब्द झालेले असायला हवेत. चार मीटर उंचीच्या सदाहरित भिंतीनं वाईट नजर अडते की नाही सांगता येत नाही, चांगली नजर मात्र नक्की अडते.

शिवाय आपल्या एकांताच्या हौसेत सगळीच भीती नसते. थोडी लाज असते, फोडणीच्या वासाची, दोरीवरच्या साड्यांची, पाहुण्यांच्या मोठ्या आवाजाची. बरीचशी प्रतिष्ठा असते. चाळीत आणि वाड्यात ज्यांच्या आजी-आजोबांचं आयुष्य सामायिक गॅलरीत गेलं, त्यांच्या नातवंडांना आपण कोणाला दिसत नाही यातच यश दिसतं. पुण्या-नाशिकच्या सोसायट्यांनी याच हौसेपोटी कंपाउंडच्या कडेनं हिरव्या अशोकाच्या रांगा लावल्या. खरा सीतेचा अशोक वेगळा, हा आसुपालव. सरळसोट, बारमाही हिरवा, सावली ना फळाची गोडी. अलीकडे त्याची जागा कोनोकार्पसनं घेतली, झपाट्यानं वाढणारा परदेशी पाहुणा. गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली, आपण अजून नर्सरीतून तो आणतोच आहोत. लेलँडायची चूक ॲथलोनला जाऊनच करावी लागते असं नाही.

वाऱ्याची बाजू राहिली, आणि ती खरी महत्त्वाची आहे. वारा अडवायला घनदाट भिंत लागते, ही समजूत चुकीची. घट्ट भिंतीवर आपटलेली हवा उसळून वरून जाते आणि पलीकडे भोवरे करत खाली कोसळते. भिंतीमागची झाडं अनेकदा उघड्यावरच्या झाडांपेक्षा जास्त फाटतात ती यामुळे. चांगलं वारारोधक कुंपण वाऱ्याला गाळून घेतं. त्याच्या अंगात चाळीस-पन्नास टक्के मोकळी जागा असावी लागते. मग वेग मोडून हवा आरपार जाते आणि कुंपणाच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत आडोसा मिळतो. दीड-दोन मीटरचं पाझरतं कुंपण पंधरा-वीस मीटरचं परस सांभाळतं, म्हणजे वसाहतीतल्या घराला सहा मीटरच्या झाडांची गरजच नाही. रावेर-यावलचा केळीबागाईतदार हे व्यवहारानं जाणतो. बागेच्या कडेनं तो शेवरीची नाहीतर गजराज गवताची रांग धरतो, काँक्रीटची भिंत घालत नाही. केळीचं पान वाऱ्यानं चिरलं की घडाचं वजन घटतं, हे त्याला माहीत असतं.

एकाच जातीच्या रांगेचा भरवसा किती, हे आपल्या कोकणानं ३ जून २०२० ला पाहिलं. निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोलीच्या किनाऱ्यापर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या आणि त्यांच्यासमोर उभी असलेली सुरूची झाडंही पडली. आयर्लंडचा असा दिवस २४ जानेवारी २०२५. ओविन वादळात पश्चिम किनाऱ्यावरच्या मेस हेडला वाऱ्याचा झोत ताशी १८४ किलोमीटरवर गेला आणि १९४५ पासूनचा देशाचा विक्रम मोडला. साडेसात लाखांहून अधिक घरं-दुकानं अंधारात गेली, पश्चिमेचे आणि मध्यभागाचे परगणे तर कित्येक दिवस. वनलागवडीतली हजारो हेक्टर झाडं आडवी झाली, बहुतेक सूचिपर्णी. जानेवारीत पानझडी झाडं उघडी असतात, वारा फांद्यांतून निसटतो. सदाहरित झाड भर हिवाळ्यात शिडासारखं सगळं अंगावर घेतं, आणि मुळं ओल्या मातीत वरवर पसरलेली असली की उन्मळतं. शेजाऱ्याच्या छपराच्या दिशेनं पडलं तर पुढची गोष्ट विमा कंपनीची.

सदाहरित झाडं वाईट, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. हिवाळ्यात हिरवं काहीतरी दिसावं ही त्या अंधाऱ्या देशातली रास्त भूक आहे. वाद उंचीचा, जागेचा आणि निवडीचा आहे. स्थानिक हॉली घ्या. वर्षाला वीतभर वाढते, म्हणून आपल्या अधीर माणसांना आवडत नाही, पण कितीही छाटली तरी जुन्या लाकडातून फुटते. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. दोन्ही लावली तर लाल फळं धरतात आणि थ्रश पक्षी हिवाळाभर त्यांच्यावर राहतात. यूसुद्धा छान छाटून घेतं, पण त्याची पानं गुरांना विषारी, वाळलेलीही तितकीच. ॲथलोनच्या कडेच्या वसाहतींना लागून गाईंची कुरणं आहेत. छाटलेला कचरा पलीकडे भिरकावला तर शेतकऱ्याची गाय जाईल. लॉरेलची पानं चुरगळली की सायनाइडचा वायू सुटतो, आणि किलार्नीच्या जुन्या ओकवनांत हे झुडूप शिरून बसलं आहे. त्याला घरच्या दारी मान देण्याचं कारण नाही. न्यूझीलंडची ग्रिसेलिनिया दिसायला चकचकीत, समुद्रकाठी उत्तम. २०१० च्या डिसेंबरात मेयोमध्ये पारा उणे १७.५ अंशांवर गेला, तेव्हा समुद्रापासून दूरच्या भागांत तिची कुंपणंच्या कुंपणं मेली. बीच आणि हॉर्नबीम ही पानझडी झाडं, पण कुंपण म्हणून छाटलेली असली की वाळकी तांबूस पानं वसंतापर्यंत अंगावर धरून ठेवतात. पडदा राहतो आणि थोडा उजेडही झिरपतो. यांत व्हाइटथॉर्न मिसळा. ॲश मात्र आता लावू नका. २०१२ पासून तिला मर रोगानं धरलं आहे, आणि देशभरच्या कुंपणांत तिच्या जागा रिकाम्या होत आहेत. नोव्हेंबर ते मार्च या काळात उघड्या मुळांची रोपं स्वस्तात मिळतात. दोन ओळींत तिरपी लावली तर मीटरला पाच पुरतात. छाटताना बुंध्याशी रुंद आणि माथ्याला अरुंद ठेवायचं, म्हणजे खालच्या फांद्यांना उजेड मिळून कुंपण पायाशी विरळ होत नाही.

कुठं लावायचं याचा विचार मात्र रोपाआधी करावा. आपल्या उत्तरेच्या हद्दीवर वाढलेलं उंच झाड आपल्या अंगणात हिवाळ्यात काहीच सावली टाकत नाही. सगळी पलीकडे. म्हणून त्याची उंची आपल्याला कधीच खुपत नाही, आणि म्हणूनच तिथं सर्वांत जास्त संयम लागतो. दक्षिणेच्या हद्दीवरचं झाड आपलंच ऊन खातं. (वास्तुवाले उंच झाडं दक्षिण-पश्चिमेला लावा म्हणतात. ॲथलोनला त्यांचं कोणी मनोभावे ऐकलं तर शेजारी वाचतील आणि यजमान अंधारात बसतील. त्यातल्या त्यात बरं.) एकांतासाठी तर हद्दीपर्यंत जायचीही गरज नसते. पडदा बघणाऱ्यापेक्षा बसणाऱ्याच्या जवळ हवा. बाकाशेजारी दीड मीटर उंचीचं झुडूप जेवढं झाकतं तेवढं झाकायला हद्दीवर चार मीटर लागतात. दोन खिडक्यांच्या मधल्या रेषेवर एक छोटं झाड पुरतं, चाळीसांची रांग कशाला?

आणि लावण्याआधी शेजाऱ्याच्या दारावर जावं. ऑक्टोबरातल्या एखाद्या शनिवारी, हातात केकचा नाहीतर चिवड्याचा डबा घेऊन. काय लावणार, किती उंच ठेवणार, त्यांच्या बाजूनं कोण छाटणार, हे बोलून घ्यावं, आणि ठरलं ते दोघांच्या फोनवर लिहून ठेवावं. १९७६ च्या वन्यजीव कायद्याच्या चाळिसाव्या कलमानुसार १ मार्च ते ३१ ऑगस्ट हा घरट्यांचा काळ आहे. त्यात कुंपणं छाटण्यावर मोजके अपवाद सोडून बंदी आहे. म्हणजे छाटणीचं वेळापत्रकही दोन घरांनी मिळूनच बसवावं लागतं. ज्यांच्या परसात आधीच लेलँडायची भिंत उभी आहे त्यांनी ती सप्टेंबरनंतर एक सोडून एक काढायला सुरुवात करावी आणि मोकळ्या जागी हॉली-बीच धरावी. तीन-चार हिवाळ्यांत बदल पूर्ण होतो, कोणाचंही परस एका दिवसात उघडं पडत नाही. खर्च निम्मा वाटून घ्यायला शेजारी तयार होईल का? त्याच्या स्वयंपाकघरात ऊन येणार असेल तर बहुधा होईल.

नाहीच तयार झाला, आणि नव्या कुंपणालाही नाही म्हणाला, तर तेही ऐकून घ्यावं. त्याच्या बाजूनं ती रांग त्यालाच बघायची आहे. आपल्या हद्दीत मीटरभर आत सरकून बाकाशेजारी हॉली लावायला त्याची परवानगी लागत नाही.